मोजून बघणारी मादाम क्युरी

आपल्या कारंज्यावरून नागपूर-अमरावती महामार्ग जातो. रात्री संत्र्यांनी भरलेले ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एखादी उशिरा परतणारी बैलगाडी... प्रत्येकाच्या पाठीवर लाल-पिवळी पट्टी चमकत असते. तिला आपण सगळे रेडियमच म्हणतो. गाडीवर नाव टाकून देणाऱ्या दुकानाच्या पाटीवरही रेडियम असंच लिहिलेलं असतं. खरं म्हणजे त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. मागच्या गाडीचा उजेड ती नुसता परत फेकते. खरं रेडियम अंधारात आपलं आपणच उजळतं. आणि ते जगाला दाखवणारी होती एक बाई, दोन लेकींची आई. मादाम मेरी क्युरी.

शाळेत तिच्यावर धडा असायचा, दोन नोबेल मिळाले म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि पुढचा धडा घ्यायचा. आता ती पुन्हा आठवली ती आमच्या बचत गटातल्या एका ताईंमुळे. त्यांची लेक-जावई अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. तिथं त्यांनी घर घ्यायचं ठरवलं, तर तपासणीच्या कागदावर आलं की घरात रेडॉन जास्त आहे. लेकीनं आईला फोनवर विचारलं, दुरुस्तीला माणूस कसा निवडू? आणि ताईंनी मला विचारलं, हे रेडॉन म्हणजे रेडियमचं कोण?

मी तर कला शाखेची. पण पुस्तकं चाळली, जाणकारांना विचारलं, आणि लक्षात आलं की या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मेरीच्या आयुष्यातच आहेत.

मेरीचं माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्हस्का. जन्म ७ नोव्हेंबर १८६७, पोलंडमधल्या वॉर्साचा. पाच भावंडांत ती शेंडेफळ, घरात सगळे तिला मान्या म्हणायचे. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींची शाळा चालवायची. देशावर रशियाचं राज्य. शाळेत पोलिश भाषेला बंदी, प्रयोगशाळेतल्या शिक्षणालाही बंदी. वडिलांनी शाळेतली उपकरणं घरी आणून कपाटात ठेवली होती. मान्या त्या काचेच्या कपाटाकडे बघत मोठी झाली. आधी थोरली बहीण तापात गेली, आणि मान्या दहा वर्षांची असताना आई क्षयानं गेली.

शाळा संपताना तिला सुवर्णपदक मिळालं, पण वॉर्सा विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मग या बहिणींनी काय करावं? मान्या आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या यांनी आपसात करार केला. आधी ब्रोन्यानं पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, तोवर मान्यानं नोकरी करून पैसे पाठवायचे. नंतर ब्रोन्यानं मान्याला बोलवायचं. आपल्या भिशीसारखंच की हे! पहिली भिशी मोठीची, दुसरी धाकटीची. मान्या खेड्यातल्या एका जमीनदाराघरी मुलांना शिकवायला राहिली. फावल्या वेळात शेतमजुरांच्या पोरांना पोलिश लिहा-वाचायला शिकवू लागली. पकडली गेली असती तर शिक्षा होती, पण तिनं ते सोडलं नाही.

१८९१ साली ती पॅरिसला पोहोचली. चोवीसची होत आलेली. सहाव्या माळ्यावरची खोली, हिवाळ्यात थंडी इतकी की अंगावर असतील नसतील ते कपडे घालून झोपायचं. अभ्यासापुढं जेवणाची शुद्ध नसायची. १८९३ साली भौतिकशास्त्राच्या परीक्षेत ती पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी. त्याच सुमारास पिएर क्युरी भेटला. अबोल, कामात बुडालेला. जुलै १८९५ मध्ये दोघांचं साधंसं लग्न झालं. लग्नाचा पोशाख तिनं मुद्दाम गडद निळा निवडला, पुढं प्रयोगशाळेत वापरता यावा म्हणून. अशी हिशेबी बाई!

१८९७ साली लेक झाली, आयरीन. आणि आयरीन तान्ही असतानाच मेरीनं संशोधनाला विषय घेतला. हेन्री बेक्वेरेल या शास्त्रज्ञाला दिसलं होतं की युरेनियममधून न दिसणारे किरण निघतात. बहुतेकांनी ते वाचून बाजूला ठेवलं. मेरीनं ठरवलं, हे किरण मोजायचे. पिएर आणि त्याचा थोरला भाऊ यांनी फार बारीक विजेचा प्रवाह मोजण्याचं साधन तयार केलं होतं. ते घेऊन ती बसली आणि मिळेल तो दगड, मिळेल ते खनिज तपासत सुटली. डोळ्यांनी काही दिसत नाही, वास नाही, आवाज नाही. विश्वास ठेवायचा तो फक्त काट्यावर आणि वहीतल्या आकड्यावर.

पिचब्लेंड नावाच्या काळ्या खनिजापाशी काटा जरा जास्तच हलला. त्यात जेवढं युरेनियम होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. म्हणजे यात आणखी कुणीतरी दडून बसलंय! आता पिएरही आपलं काम सोडून तिच्या कामात आला. जुलै १८९८ मध्ये त्यांनी एका नव्या मूलद्रव्याची घोषणा केली. त्याला मेरीनं आपल्या पारतंत्र्यातल्या देशाचं नाव दिलं, पोलोनियम. आणि डिसेंबरात दुसरं, रेडियम.

पण दाखवायला हातात काही नव्हतं. मग सुरू झाली चार वर्षांची हमाली. जागा मिळाली ती एक मोडकं शेड, पूर्वी तिथं वैद्यकीय विद्यार्थी प्रेतं फाडून शिकायचे. वरून पाणी गळायचं. बोहेमियातल्या योआखिम्स्टालच्या खाणीतून पिचब्लेंडचा गाळ पोत्यांनी यायचा, पाइनची पानं मिसळलेला. मेरी एका वेळी वीस-वीस किलो गाळ घेऊन कढईत उकळायची आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईनं ढवळत राहायची. आपल्याकडं लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी ढवळतात तसं, पण दिवसचे दिवस. कित्येक टन गाळातून १९०२ साली हाती लागलं ते रेडियमचं चिमूटभर मीठ, एका ग्रॅमचा दहावा भाग.

रात्री आयरीनला झोपवून नवरा-बायको कधीकधी पुन्हा शेडमध्ये जायचे. दिवा न लावता. फळ्यांवरच्या बाटल्या मंद निळसर उजळलेल्या असायच्या. मेरीला ते फार आवडायचं. बोटांची टोकं भाजून कडक झाली होती, थकवा जात नव्हता, पिएरचे पाय दुखायचे. पण इतकी सुंदर वस्तू घातक असेल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

त्याच काळात आणखी एक गोष्ट लक्षात आली. रेडियमच्या आसपासच्या वस्तूंनाही त्याचा गुण लागतो, कारण रेडियममधून एक वायू सतत बाहेर पडत असतो. १९०० साली फ्रिडरिख डॉर्न या जर्मन शास्त्रज्ञानं रेडियमचा हा वायू टिपला. तोच रेडॉन. रंग नाही, वास नाही. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन, अशी ती पिढी आहे. म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, रेडॉन हे रेडियमचं लेकरू! आणि ज्या भागातून मेरीचा गाळ यायचा, तिथल्या डोंगरांतले खाणकामगार शेकडो वर्षं छातीच्या एका रोगानं तरुणपणीच मरत होते. तो फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं १८७९ साली कळलं. त्यामागं खाणीतल्या हवेतला रेडॉन आहे, हे पटायला मात्र विसावं शतक निम्मं सरलं.

१९०३ साली मेरी, पिएर आणि बेक्वेरेल यांना नोबेल मिळालं. आधी तर तिचं नाव वगळण्याचाच बेत होता. पिएरला एका मित्रानं कळवलं, त्यानं आग्रह धरला, म्हणून तिचं नाव आलं. १९०४ मध्ये धाकटी लेक ईव्ह झाली. आणि १९ एप्रिल १९०६ ला पावसात रस्ता ओलांडताना पिएर घोडागाडीखाली गेला. मेरी अडतिसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात आठ वर्षांची आणि सव्वा वर्षाची मुलगी. निवृत्तिवेतन देऊ केलं ते तिनं नाकारलं, काम करून पोट भरीन म्हणाली. सोर्बोनमध्ये पिएरच्या जागी शिकवायला उभी राहिली. त्या विद्यापीठात शिकवणारी पहिली बाई ती.

१९११ हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात विचित्र वर्ष. जानेवारीत फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं थोड्याशा मतांनी तिला नाकारलं. वर्षाअखेरीस एका विवाहित शास्त्रज्ञाशी असलेल्या संबंधांवरून वर्तमानपत्रांनी तिची लक्तरं काढली, घरासमोर गर्दी जमली. त्याच वेळी रसायनशास्त्राचं दुसरं नोबेल जाहीर झालं. येऊ नका, असं तिला सुचवण्यात आलं. ती गेली, स्वतः व्यासपीठावर उभी राहून पारितोषिक घेतलं. कामाचा आणि खासगी आयुष्याचा संबंध लावू नका, हे तिनं ठणकावून कळवलं होतं.

आणि याच वर्षात तिनं आणखी एक काम केलं, ज्याबद्दल धड्यात नसतं. रेडियम तोवर सोन्याहून कितीतरी महाग झालं होतं. विकणारे बरेच, पण नळीत खरंच किती रेडियम आहे हे सांगणार कोण? मेरीनं सुमारे बावीस मिलिग्रॅम रेडियमचं मीठ काचेच्या नळीत बंद करून जगासाठी एक प्रमाण तयार केलं. ते पॅरिसजवळ सेव्रला, जिथं मीटर-किलोग्रॅमची प्रमाणं ठेवली जातात तिथं गेलं. तिच्या प्रयोगशाळेत नळ्या मोजून दाखले दिले जाऊ लागले. नुसत्या शब्दावर विश्वास नको, मोजलेल्याचा दाखला हवा.

१९१४ ला महायुद्ध आलं. मेरीनं मोटारींमध्ये क्ष-किरणांची यंत्रं बसवली, स्वतः गाडी चालवायला शिकली, सतरा वर्षांच्या आयरीनला बरोबर घेऊन लढाईच्या मागे धावली. अशा वीसेक गाड्या आणि दोनशे खोल्या उभ्या राहिल्या. पण यंत्र असून भागत नाही, चालवणारा शिकलेला हवा. म्हणून तिनं सुमारे दीडशे बायकांना रीतसर प्रशिक्षण दिलं, त्यात साध्या घरातल्या मुलीही होत्या. जखमा भरून याव्यात म्हणून रेडियममधून निघणारा रेडॉन बारीक नळ्यांत भरून ती रुग्णालयांना द्यायची.

इकडं रेडियमचा बाजार मात्र तिच्या हाताबाहेर गेला होता. रेडियम घातलेलं पाणी, मलम, पावडर... सगळ्या रोगांवर रामबाण! अमेरिकेत डॉक्टर नसलेला एक माणूस डॉक्टर म्हणवून घेत रेडियमच्या पाण्याच्या बाटल्या विकत होता. ते पाणी रोज पिणारा एक श्रीमंत उद्योगपती १९३२ साली जबड्याची हाडं झिजून मेला. न्यू जर्सीत ऑरेंज नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावायच्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. कित्येक जणी हाडांच्या रोगानं गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली कंपनीला भरपाई द्यावी लागली. रेडियम काढून उरलेली माती त्या परिसरात भरावासाठी वापरली गेली, तिच्यावर घरं उठली. १९८० नंतर मोजणी झाली तेव्हा त्या घरांमध्ये रेडॉन सापडला. मग सरकारला वर्षानुवर्षं ती माती खणून न्यावी लागली.

म्हणजे ताईंची लेक घर बघते आहे त्याच राज्यात ही गोष्ट घडलेली. पण सगळ्या घरांत असा भराव नसतो. खडकात आणि मातीत मुळातच थोडं युरेनियम असतं, तिथून रेडॉन वर येतो. थंड देशात दारं-खिडक्या बंद, घर आतून गरम, जमिनीखाली तळघर. उबदार हवा वर जाते आणि घर खालच्या मातीतली हवा फटींमधून ओढून घेतं. १९८४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्रातल्या अभियंत्याची गोष्ट गाजली. तपासणीच्या यंत्रानं त्याच्या अंगावर किरणोत्सर्ग दाखवला, आणि तो केंद्रातला नाही तर घरातला निघाला! धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं मोठं कारण रेडॉन आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गंमत बघा, लेकीच्या कागदावर जे माप छापलंय त्याचं नाव पिकोक्युरी. क्युरी हे माप १९१० साली ब्रुसेल्सला ठरलं, तेही एक ग्रॅम रेडियमसोबत असणाऱ्या रेडॉनवरून. त्याचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोक्युरी. लिटरभर हवेत असे चार किंवा जास्त असतील तर घर दुरुस्त करा, असं अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं. लेकीच्या घरात त्याच्या दुपटीहून जास्त होतं.

तिच्याकडे तिघं जण आले. पहिल्यानं सगळ्यात कमी पैसे सांगितले, फटी बुजवतो म्हणाला, संपलं. फटी बुजवणं चांगलंच, पण तेवढ्यानं काम होत नाही, नव्या वाटा सापडतात. दुसऱ्यानं कर्करोगाची भीती घातली, आजच सही करा म्हणाला, आणि नंतरची तपासणीही मीच करीन म्हणाला. तिसरा तळघरात उतरला. फरशीला बारीक छिद्रं पाडून खालून हवा कितपत ओढली जाते ते त्यानं मोजून पाहिलं. मग सांगितलं की फरशीखालून नळ घ्यायचा, तो छतापर्यंत न्यायचा, पंखा राहत्या जागेच्या बाहेर बसवायचा आणि तो रात्रंदिवस चालू ठेवायचा. वायू खिडक्यांपासून दूर, छपराच्या वर सोडायचा. नळावर एक छोटं मापक बसेल, पंखा ओढतोय की नाही ते तुम्हालाही दिसेल. राज्य सरकारचं प्रमाणपत्र त्यानं न मागता दाखवलं. न्यू जर्सीत हे काम पैसे घेऊन करणाऱ्याला ते लागतंच. किती खर्च, किती दिवस, आकडा चारच्या खाली आला नाही तर काय करणार, सगळं लेखी. आणि शेवटी म्हणाला, नंतरची तपासणी दुसऱ्याकडून करून घ्या.

सांगा, यातला मेरीच्या पंगतीचा कोण? ताईंनी ऐकल्याऐकल्या तिसऱ्यावर बोट ठेवलं. लेकीनंही तोच निवडला. काम झाल्यावर, एक दिवस सोडून, वेगळ्याच माणसाकडून हवा मोजून घेतली. आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. आता दर दोन वर्षांनी पुन्हा मोजायचं.

आपल्या भागात घाबरायचं फारसं कारण नाही, मैत्रिणींनो. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, ग्रॅनाइटपेक्षा त्यात युरेनियम बरंच कमी असतं. शिवाय तळघरं नाहीत आणि उन्हाळ्यात कूलरसाठी खिडकी उघडी ठेवावीच लागते. पण गच्ची गळते म्हणून मिस्त्री बोलावतो, बोअर खणतो, शौचालयाची टाकी बांधतो, घरात वाळवीचं औषध मारून घेतो. इथंही दोष डोळ्यांना दिसत नाही आणि काम झाकलं जातं. तेव्हा तेच चार प्रश्न विचारायचे. आधी बघितलं का, मोजलं का? शिकलेला आहे त्याचा कागद कुठं? लेखी काय देणार? आणि काम झाल्यावर तपासणार कोण? घरात सगळ्यात जास्त वेळ आपण असतो, तर विचारायचा हक्कही आपलाच. चार शब्द जास्त विचारले म्हणून चांगला कारागीर रागावत नाही.

मेरीनंही असंच वागून दाखवलं. १९२१ साली अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून एक लाख डॉलरचं एक ग्रॅम रेडियम तिला दिलं. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते समारंभ दुसऱ्या दिवशी. आदल्या रात्री तिनं दानपत्र वाचलं आणि अडून बसली. हे रेडियम माझ्या नावावर नको, माझ्यानंतर ते माझ्या लेकींची मालमत्ता होईल, प्रयोगशाळेच्या नावावर करा. रात्रीच वकील शोधून कागद बदलून घेतला. इतक्या मोठ्या भेटीतही कागद आधी!

तिचं एक मोजमाप मात्र राहून गेलं, स्वतःचं. उशाशी रेडियमची नळी ठेवून झोपणारी ही बाई ४ जुलै १९३४ ला रक्ताच्या आजारानं गेली, सहासष्टाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी आयरीनला आणि जावयाला नोबेल मिळालं, ते बघायला ती नव्हती. आयरीनही १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली. मेरीच्या वह्या आजही पॅरिसच्या ग्रंथालयात शिशाच्या पेटीत ठेवलेल्या आहेत. रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. १९९५ साली फ्रान्सनं तिला पँथिऑन या आपल्या थोरांच्या स्मारकात नेऊन ठेवलं. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथं पोहोचलेली पहिली स्त्री ती. तिला हलवण्याआधी तज्ज्ञांनी शवपेटीतला किरणोत्सर्ग मोजला. त्यावरून त्यांना वाटलं की तिचा घात रेडियमपेक्षा युद्धातल्या क्ष-किरणांनी केला असावा.

तिच्या काळी धोका ठाऊकच नव्हता, मोजायचं तरी काय? आज आपल्याला ठाऊक आहे. ती ज्या आकड्यासाठी कढईपाशी चार वर्षं उभी राहिली, तसा आकडा आपल्याला एका कागदावर मागता येतो. तो मागायला लाजू नका.